राखीव कॅचरची कारकीर्द

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, आणि हे सारे सामने सुमारे सहा महिन्यांत उरकावयाचे असल्यामुळे खेळाडूला पुरी विश्रांती मिळेल असा दिवस त्या काळात विरळाच उगवतो. एवढ्या दीर्घ मोहिमेसाठी प्रत्येक संघाला हजेरीपटावर २६ माणसे ठेवण्याची मुभा आहे. त्यांतील तेरा जण बहुधा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, असतात, आणि उरलेल्या तेरांमध्ये दोन कॅचर असावेत असा जवळजवळ सर्व संघांचा शिरस्ता आहे. या दोघांपैकी पहिला आठवड्यातून चार-पाच दिवस मैदानात उतरतो. रात्रीच्या सामन्यापाठोपाठ दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना असला, पहिल्याचे गुडघे धरले, त्याच्या बोटाला मार बसला, अथवा एखाद्या पिचरला हा दुसराच कॅचर हवा असला, म्हणजे दुसऱ्याला बोलावणे येते. आणि अशा रीतीने वर्षाकाठी चाळीस-पन्नास सामने त्याच्या वाट्यास येतात. या दुसऱ्या माणसाचे मोल काय, ते कोणत्या मापाने मोजावे, आणि त्या जागेवर तारुण्याची दहा-पंधरा वर्षे घालवणाऱ्याने नेमके कोणते काम केले असे म्हणावे, हा प्रश्न जुना असून त्याला वेळोवेळी मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मते त्यांपैकी बहुतेक उत्तरांत एक समान दोष आहे: या माणसाला त्यांनी पहिल्या कॅचरची उणी आवृत्ती मानले, आणि त्याचा पेशाच निराळा आहे ही गोष्ट नजरेआड केली.

बॅटरच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलणाऱ्या या खेळाडूचे क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी असलेले नाते आपल्या वाचकाला सहज सुचेल, आणि जागा व हातमोजा यांपुरते ते खरेही आहे. परंतु यष्टिरक्षक गोलंदाजाला दर चेंडूस हुकूम देत नाही, कॅचर देतो. कोणता चेंडू टाकावा, आत की बाहेर, वेगाचा की वळणारा, हे तो पूर्वी दोन मांड्यांच्या आड बोटांच्या खुणांनी सांगत असे. २०२२ पासून मनगटावरच्या वा गुडघ्याजवळच्या लहानशा विद्युत्-यंत्राची कळ दाबून सांगतो. एका सामन्यात असे सुमारे दीडशे चेंडू तो मागवतो आणि तितक्याच वेळा उठबस करतो. समोरच्या प्रत्येक बॅटरच्या खोडी, आपल्या प्रत्येक पिचरची त्या दिवसाची प्रकृती, आणि मागे उभ्या असलेल्या अंपायरची नजर, या तिहींचा हिशेब त्याच्या एकट्याच्या डोक्यात चालू असतो. म्हणून बॅटीने धावा न काढणारा मनुष्यही या एका जागेवर वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या कोणत्याही जागेवर त्याला एक हंगामही कोणी ठेवून घेतले नसते.

राखीव कॅचर हे पद मुळात दुखापतीतून जन्मले. १८७० च्या दशकात कॅचर उघड्या हातांनी व उघड्या तोंडाने चेंडू झेलत असत, बोटे मोडणे हा नित्याचा प्रकार होता, आणि एकच माणूस रोज ते काम करील अशी अपेक्षाही कोणी बाळगत नसे. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघातील फ्रेड थेयर याने तोंडावरची जाळी तयार केली, पुढे छातीवरचे गादीचे कवच आले, आणि १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या रॉजर ब्रेस्नहॅन याने नडग्यांवर पट्टे बांधले. हे चिलखत जसजसे पुरे होत गेले तसतसा पहिल्या कॅचरचा सामन्यांवरील ताबा वाढत गेला आणि दुसऱ्याचा वाटा आकुंचित झाला. १९६८ मध्ये शिकागो कब्जच्या रँडी हंडली याने १६० सामन्यांत हे काम केले. तो उच्चांक आजही अबाधित आहे, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हंडलीच्या गुडघ्यांनी त्याची साथ सोडली हेही त्याच हकिकतीत नमूद केले पाहिजे. त्या टोकावरून संघ हळूहळू परतले, आणि आज पहिल्या कॅचरला एकशे दहा ते एकशे तीस सामने देऊन बाकीचे दुसऱ्यावर सोपवावेत, असा साधारण बेत असतो.

पहिले आणि सर्वांत जुने उत्तर असे, की राखीव कॅचर हा केवळ संकटकाळचा तरतुदीचा माणूस आहे. या मताचा परिपाक न्यूयॉर्क यँकीजच्या वैभवकाळात पाहावयास मिळतो. नॉर्वेत जन्मलेला आर्न्ट यॉर्गन्स हा बिल डिकी या थोर कॅचरच्या छायेत १९२९ ते १९३९ अशी अकरा वर्षे राहिला. त्या अवधीत यँकीजनी पाच वेळा वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाअखेरची विजेतेपदाची मालिका, जिंकली, पाचही वेळा त्याचे नाव हजेरीपटावर होते, आणि त्यांतील एकाही सामन्यात त्याने पाऊल टाकले नाही. पुढे डिकीच्या जागी योगी बेरा आला, आणि यॉर्गन्सच्या जागी चार्ली सिल्व्हेरा. सिल्व्हेरा दहा हंगाम टिकला, २२७ सामने खेळला, आणि संघाने जिंकलेल्या सहा वर्ल्ड सीरीजपैकी केवळ १९४९ मधील एका सामन्यात उतरला. त्याची फलंदाजीची सरासरी ०.२८२ होती, म्हणजे कोणत्याही कॅचरने अभिमानाने सांगावी अशी होती. बेरा रोज खेळू शकत होता, एवढेच सिल्व्हेराच्या बसून राहण्याचे कारण होते. त्याच संघात १९५५ साली आलेला एल्स्टन हॉवर्ड, यँकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, हाही बेराच्या मागे वर्षे काढीत राहिला, पण तो वारसदार म्हणून. त्याची पाळी आली आणि १९६३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. वारसदार आणि कायमचा दुय्यम हे एकाच बाकावर बसतात, म्हणून पाहणाऱ्याला सारखेच वाटतात. परंतु एकाला आपली पाळी येणार हे ठाऊक असते आणि दुसऱ्याला ती येणार नाही हे ठाऊक असते, आणि दोघांच्या रोजच्या सरावामागील मनोवृत्ती त्यामुळे सर्वस्वी भिन्न असतात.

या जागेत एक चमत्कारिक अडचण अशीही आहे, की माणूस हाताशी आहे याच कारणासाठी त्याचा उपयोग करता येत नाही. सामना अटीतटीचा झाला, एखाद्या दुबळ्या बॅटरऐवजी चांगला फटका मारणारा हवा झाला, आणि राखीव कॅचर बॅटीने बरा असला, तरी मॅनेजर त्याला पाठवण्यास कचरतो. कारण एकदा त्याला खर्ची घातले आणि मग पहिल्याला दुखापत झाली, तर बॅटरमागे बसावयास कोणीच उरत नाही. अशा वेळी तिसरा कॅचर असला तर मॅनेजरचे हात मोकळे होतात. १४ ऑक्टोबर १९९२ रोजी अटलांटा ब्रेव्ह्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स यांच्यातील निर्णायक सातव्या सामन्यात शेवटच्या डावात ब्रेव्ह्ज २-१ असे मागे होते, दोन गडी बाद झाले होते, तिन्ही बेसवर धावपटू होते, आणि ब्रेव्ह्जचे मॅनेजर बॉबी कॉक्स यांनी बॅट घेऊन पाठवले ते तिसरा कॅचर फ्रान्सिस्को काब्रेरा यास, ज्याला त्या साऱ्या हंगामात मेजर लीगमध्ये अवघ्या दहा वेळा फलंदाजीची अधिकृत संधी मिळाली होती. त्याने डाव्या बाजूस चेंडू मारला, डेव्हिड जस्टिस घरी आला, त्याच्या पाठोपाठ दुखऱ्या पायांचा सिड ब्रीम घसरत घरी आला, आणि ब्रेव्ह्ज ३-२ ने जिंकले. पुढचे एक वर्ष काब्रेरा संघात होता. त्यानंतर मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही.

परंतु तरतुदीच्या माणसावर प्रत्यक्ष भार पडतो तेव्हा त्याचे काय होते, याचा विचार करावयाचा तर १९४० च्या सिन्सिनाटी रेड्सची कथा वगळता येत नाही, मग ती कितीही दुःखद असो. एर्नी लोंबार्डी हा त्यांचा नामांकित कॅचर. विलर्ड हर्शबर्गर हा दुसरा, तीस वर्षांचा, संघात सर्वांना प्रिय असलेला. जुलैअखेर लोंबार्डी दुखापतीमुळे बाजूस राहिला आणि हर्शबर्गर रोज खेळू लागला. ३१ जुलै रोजी न्यूयॉर्क येथे रेड्स शेवटच्या डावात ४-१ असे पुढे होते, दोन गडी बाद झाले होते, आणि तेथून दोन होमरन बसून सामना ५-४ असा हातचा गेला. शेवटचा होमरन हॅरी डॅनिंग याचा. तो चेंडू आपण चुकीचा मागवला, असे हर्शबर्गरच्या मनाने घेतले. दोन दिवसांनी बॉस्टन येथेही त्याच्या हातून काही घडले नाही. मॅनेजर बिल मॅकेक्नी यांनी त्याला जवळ बसवून त्याची समजूत घातली. आणि ३ ऑगस्ट रोजी, संघ मैदानावर असताना, त्याने हॉटेलातील खोलीत आपले जीवन संपवले. त्याच्या वडिलांचा अंतही असाच झाला होता, म्हणून एका चेंडूने हा मनुष्य मोडला असे म्हणणे धाडसाचे व अन्यायाचे होईल. मात्र एक गोष्ट मला विसरता येत नाही: त्या वर्षी त्याची सरासरी ०.३०९ होती. कामगिरीचा कागद त्याच्या बाजूने पुरावा देत होता. पण कॅचरच्या चुका त्या कागदावर उतरतच नाहीत, त्या त्याच्या मनात नमूद होतात, आणि पहिल्या कॅचरला उद्याच्या सामन्यात त्या पुसण्याची जी सवय लागलेली असते ती दुसऱ्याला लागण्याचे कारण नसते. रेड्सनी पुढे वर्ल्ड सीरीज जिंकली. सप्टेंबरात लोंबार्डी पुन्हा जायबंदी झाला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून नेमलेला चाळीस वर्षांचा जिमी विल्सन चिलखत चढवून बसला, सात सामन्यांपैकी सहांत खेळला, आणि ०.३५३ च्या सरासरीने फलंदाजी करून गेला. बक्षिसातील हर्शबर्गरचा हिस्सा खेळाडूंनी त्याच्या आईला दिला.

दुसरे उत्तर पिचरांच्या बाजूने येते. काही पिचर असे असतात की त्यांना संघातील श्रेष्ठ कॅचर नको असतो, त्यांना आपला कॅचर हवा असतो. फिलाडेल्फियात बॉब बून हा पहिला कॅचर असता स्टीव्ह कार्लटन याचे सामने टिम मॅकार्व्हर सांभाळी. अटलांटात हावी लोपेझ असता ग्रेग मॅडक्स याच्यासमोर एडी पेरेझ बसे. या पसंतीमागे काही अंशी सवय असेल. परंतु नकल-बॉल टाकणाऱ्यांच्या बाबतीत ती शुद्ध गरज असते. हा चेंडू न फिरता येतो आणि वाऱ्यात कोठे वळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बॉस्टनच्या टिम वेकफिल्डचे सामने डग मिराबेली पाहत असे. २००५ च्या अखेरीस संघाने त्याला सॅन डिएगोस धाडले, त्याच्या जागी आलेल्या जॉश बार्डच्या हातून एप्रिल महिन्यातच दहा चेंडू निसटले, आणि १ मे २००६ रोजी संघाने बार्डसह एक पिचर व रोख रक्कम देऊन मिराबेलीला परत मागवले. त्याच रात्री यँकीजविरुद्ध सामना होता. विमानतळावरून पोलिसांच्या गाडीत बसवून त्याला आणण्यात आले, वाटेत गाडीतच त्याने गणवेश चढवला, आणि पहिला चेंडू पडण्याच्या थोडा वेळ आधी तो फेनवे पार्क या बॉस्टनच्या मैदानावर रुजू झाला. ज्याची फलंदाजी सामान्य, ज्याला आठवड्यातून एकदा काम, अशा खेळाडूसाठी एका श्रीमंत संघाने केलेली ही धावपळ त्याच्या कामाची किंमत कोणत्याही आकड्याहून स्पष्ट सांगते.

याच चेंडूच्या संदर्भात बॉब युकर याचे १९६७ साल ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी अटलांटाचा फिल नीक्रो नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी धावा देणारा पिचर ठरला, त्याची सरासरी १.८७, आणि त्याच वर्षी लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २७, चेंडू हातून निसटू देणारा कॅचर म्हणून युकरचे नाव लागले. नीक्रो पुढे वारंवार सांगे, की हातून चेंडू सुटतील या भीतीने नकल-बॉल आवरता घेऊ नकोस, कोणत्याही प्रसंगी तोच टाक, असे बळ त्याला युकरने दिले. पिचरच्या खात्यात जमा झालेले यश आणि कॅचरच्या खात्यात नावे पडलेला दोष हे एकाच निर्णयाचे दोन भाग होते, आणि दफ्तराने ते निरनिराळ्या पानांवर लिहिले. युकर खेळाडू म्हणून सहा हंगाम राहिला, ०.२०० च्या सरासरीने. समालोचक म्हणून मिलवॉकीत १९७१ पासून २०२४ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या हंगामापर्यंत. कूपरस्टाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिराने त्याचा २००३ मध्ये सन्मान केला तो समालोचनासाठी.

तिसरे उत्तर गणिती मंडळींनी दिले, आणि ते सर्वांत अलीकडचे आहे. २००७ च्या सुमारास प्रत्येक चेंडूचा मार्ग कॅमेऱ्यांनी टिपला जाऊ लागला, तेव्हा स्ट्राइकच्या पट्ट्याच्या सीमारेषेवरचा चेंडू कोणत्या कॅचरच्या हातात असता अंपायर तो स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा, देतो आणि कोणाच्या हातात असता देत नाही, हे मोजणे शक्य झाले. माइक फास्ट याने २०११ मध्ये या विषयावर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात पहिल्या रांगेत नाव होते होसे मोलिना याचे, जो तिघा कॅचर भावांपैकी एक असून आयुष्यभर बहुतांशी राखीवच राहिला होता. १९२३ पासूनच्या जुन्या यँकी स्टेडियमवरील अखेरचा होमरन, २१ सप्टेंबर २००८ रोजी, याच मोलिनाच्या बॅटीतून निघाला; परंतु त्याची खरी विद्या त्याच्या डाव्या मनगटात होती. चेंडू हातमोज्यात आल्यावर सामान्य कॅचरचा हात वेगाने किंचित बाहेर ओढला जातो. मोलिना मोजा आधीच पट्ट्याच्या बाहेर नेऊन ठेवी, आणि चेंडू येताच तो आत येत येत थांबे, डोके व खांदे तिळमात्र न हलता. असे काही चेंडू दर सामन्यात पदरी पडले तर हंगामाअखेर कित्येक धावा वाचतात, हे आकड्यांनी सिद्ध झाले, आणि टँपा बे रेजनी सदतिसाव्या वर्षी मोलिनाला पहिला कॅचर केले. याच हिशेबाच्या जोरावर जेफ मॅथिस हा ०.१९४ इतक्या अल्प सरासरीने सतरा हंगाम खेळला, आणि २०१९-२० या दोन वर्षांसाठी टेक्सासने त्याच्याशी ६२ लाख ५० हजार डॉलरचा करारनामा केला. गणितज्ञांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. जुन्या प्रशिक्षकांना जे डोळ्यांनी दिसत होते आणि मालकांना पटवता येत नव्हते, त्याला त्यांनी पुरावा दिला. परंतु पिचरचा धीर खचला आहे हे ओळखून योग्य क्षणी उठून त्याच्याजवळ चालत जाणे, किंवा न खेळण्याच्या दिवशी नवख्या पिचरला उद्याच्या बॅटरांचे पाठ देणे, याला अजून माप सापडलेले नाही, आणि राखीव कॅचरचे अर्धेअधिक काम तेच आहे.

हे काम बौद्धिक आहे, असे लिहून ठेवणारा एक माणूस स्वतः राखीव कॅचरच होता. मो बर्ग, प्रिन्स्टनचा पदवीधर, कोलंबियाचा कायदेपंडित, अनेक भाषांचा अभ्यासक, पंधरा हंगामांत ६६३ सामने खेळला, म्हणजे वर्षास सरासरी चव्वेचाळीस, आणि अवघे सहा होमरन मारून निवृत्त झाला. १९४१ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त त्याने पिचर व कॅचर यांच्या परस्परसंबंधावर प्रदीर्घ निबंध लिहिला. महायुद्धात तो अमेरिकेच्या हेरखात्यात गेला आणि डिसेंबर १९४४ मध्ये झुरिक येथे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग याच्या व्याख्यानास पिस्तूल बाळगून बसला, ही हकिकत सर्वश्रुत आहे व त्यामुळे त्याचा बेसबॉलवरचा निबंध विस्मृतीत गेला. मला तो निबंध त्याच्या हेरगिरीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

चौथे उत्तर असे, की ही जागा म्हणजे मॅनेजरांची शाळा आहे. यँकीजमध्ये बेराच्या मागे आठ हंगामांत केवळ ९१ सामने खेळलेला राल्फ हाउक १९६१ मध्ये त्याच संघाचा मॅनेजर झाला आणि पहिली दोन्ही वर्षे वर्ल्ड सीरीज जिंकला. नेड योस्ट २१९ सामने खेळला, ०.२१२ च्या सरासरीने. २०१५ मध्ये कॅन्सस सिटीला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. ब्रूस बोची नऊ हंगामांत ३५८ सामने खेळला, आणि मॅनेजर म्हणून २०१०, २०१२, २०१४ व २०२३ अशा चार वर्ल्ड सीरीज त्याच्या नावावर आहेत. सारे मैदान समोर ठेवून बसणारा तोच एक खेळाडू, आणि बाकावर बसून मॅनेजरचे निर्णय पाहण्यास सवड असणाराही तोच, हे स्पष्टीकरण मला पटते. मात्र अशी उदाहरणे देताना, शेकडो राखीव कॅचर कोणत्याही संघाचे मॅनेजर न होता घरी परतले, हे लक्षात ठेवावे.

त्यांच्या उपजीविकेचा तपशीलही पाहण्यासारखा आहे. २०२५ मध्ये मेजर लीगमधील किमान वार्षिक वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. त्याच्या लगेच खालच्या ट्रिपल-ए पायरीवर २०२३ च्या करारान्वये ते ३५,८०० डॉलर ठरले, आणि त्यापूर्वी याहून पुष्कळ कमी होते. मेजर लीगमध्ये ४३ दिवसांची सेवा भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. या दोन वेतनांमधल्या दरीवर राखीव कॅचर वर-खाली करीत असतो: आज बोलावणे, तीन आठवड्यांनी रवानगी. एरिक क्रॅट्झ याची २००२ मध्ये एकोणतिसाव्या फेरीत निवड झाली, मेजर लीगचे मैदान त्याने पाहिले ते २०१० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि अनेक संस्थांचे गणवेश घालून अडतिसाव्या वर्षी तो मिलवॉकीकडून अंतिम टप्प्यातील सामने खेळला.

२०२६ पासून मात्र एक मोठा पालट झाला आहे. अंपायरचा निर्णय अमान्य असल्यास बॅटर, पिचर किंवा कॅचर यांपैकी कोणीही डोक्यावर थाप मारून यंत्राकडे दाद मागू शकतो. प्रत्येक संघास अशा दोन संधी असतात, दावा खरा ठरल्यास संधी शिल्लक राहते, आणि बाकावरून कोणी सल्ला देता कामा नये. मोलिनाच्या मनगटातील विद्येचे मोल यामुळे उणे होईल हे उघड आहे. परंतु पट्ट्याची कड नेमकी कोठे आहे हे डोळ्यांनी जाणण्याची आणि दोन संधी कोणत्या चेंडूवर खर्चाव्यात हे क्षणात ठरवण्याची जबाबदारी सर्वांत जवळ बसलेल्या माणसावर येणार, हेही तितकेच उघड आहे. ही पद्धत ट्रिपल-ए सामन्यांत काही वर्षे अगोदर चालवली गेली असल्यामुळे, तेथे हंगामामागून हंगाम काढलेल्या राखीव कॅचरांना तिचा सराव पहिल्या फळीतील कित्येक नामवंतांहून अधिक आहे, आणि त्या सरावाचा भाव करारनाम्यांत कसा लागतो ते येत्या एक-दोन हिवाळ्यांतील बोलण्यांत दिसून येईल.